अपयश : निरंक

सोमशेखर हत्तरकींना घाबरायला एरवी कारण लागत नसे. या वेळी मात्र कारण होतं, आणि ते छापील होतं.

पुण्याच्या एका नामांकित विज्ञान संस्थेचा प्रवेश अर्ज त्यांच्यापुढं टेबलावर पसरला होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, गुण, इथवर सगळं ठीक होतं. पण पाचव्या पानावर प्रश्न क्रमांक चौदा होता : 'आजवर तुम्हाला आलेल्या एखाद्या अपयशाबद्दल, किंवा तुमच्या हातून झालेल्या एखाद्या चुकीबद्दल लिहा.' आणि खाली उत्तराला जागा किती? अख्खं पान! म्हणजे बारावीच्या शहाण्णव टक्क्यांना एवढासा चौकोन आणि अपयशाला पान.

हा अर्ज कोरा होता. भरलेला अर्ज त्यांच्या पोरीनं, विद्याश्रीनं, शनिवारीच पोस्टात टाकला होता. "अप्पा, अर्ज टाकलाय मी. जातो आता अज्जाकडं," असं म्हणून ती संकेश्वरला आजोळी निघूनही गेली होती. टेबलावरचा अर्ज जादाचा. सोमशेखरांनी दोन मागवले होते. ते कुठलीही गोष्ट दोन मागवत. स्वतःच्या लग्नात त्यांनी बाशिंगंसुद्धा दोन आणली होती, एक भिजलं तर असावं म्हणून.

पाकीट बंद व्हायच्या आधी त्यांनी पोरीच्या अर्जात डोकावून बघितलं होतं. बघायला नको होतं. चौदाव्या प्रश्नाखाली पान भरून लिहिलेलं आणि पहिलंच वाक्य : 'माझा अंदाज तीन वेळा साफ चुकला.' त्याच्या पुढं वाचायचं त्यांना धाडसच झालं नाही. अर्जाला जोडलेलं काय? मार्कलिस्टची एक झेरॉक्स आणि केमिस्ट्रीच्या मॅडमनी हातानं लिहिलेलं एक पत्र. संपलं. कचेरीत किरकोळ रजा मागायलासुद्धा याच्यापेक्षा जास्त कागद लागतात.

आणि कचेरीतलं सोमशेखरांना कळत नाही असं काही नव्हतं. पंचवीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसत होते. अर्ज कसा मरतो हे त्यांच्याइतकं कुणी बघितलं नव्हतं. लोकांना वाटतं, अर्ज वाईट असतो म्हणून परत येतो. छे! अर्ज जास्त असतात म्हणून परत येतो. टेबलावर ढीग असतो, पाच वाजत आलेले असतात, ढीग कमी करायला निमित्त पाहिजे असतं. सही रेघेबाहेर गेली, परत. शिक्का तिरका, परत. एकदा तर तारीख लाल शाईनं लिहिली म्हणून त्यांनी एका माजी सैनिकाचा अर्ज परत पाठवला होता आणि त्या दिवशी त्यांना जेवणही गोड लागलं होतं.

आता पुण्यात तसाच कोणीतरी बसला असणार. तेवीस जागा, चार हजार अर्ज, सगळे नव्वदीच्या वरचे. आणि त्याच्या हातात आपल्या पोरीनं स्वतःच्या अक्षरात निमित्त लिहून दिलंय. तीन तीन चुका!

सोमशेखरांच्या पोटात गुडगुडलं. त्यांची बायको महादेवी आतून म्हणाली, "ओवा देऊ काय?"

खरं तर याला पूर्वी एक दाखलाही होता. मागच्या गल्लीतल्या प्रसेनजीतला गेल्या वर्षी सत्त्याण्णव टक्के होते आणि त्याच संस्थेनं त्याला नको म्हटलं होतं. तेव्हापासून गल्लीत त्याच्या नापसंतीच्या कारणांवर एवढी चर्चा झाली होती की तेवढ्यात दुसरी एक संस्था उभी राहिली असती. खुद्द प्रसेनजीतला विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सोमशेखर घाबरले होते म्हणून त्यांनी विचारलं.

"मुलाखतीत त्यांनी विचारलं, हेच का शिकायचंय," तो म्हणाला. "मी म्हटलं, मार्क पडल्यात म्हणून. ते म्हणाले, बरं. झालं, एवढंच."

सोमशेखरांचा विश्वास बसला नाही. एवढ्याशा कारणानं कोण कुणाला परत पाठवतं? खरं कारण पोरगं लपवतंय, असं ठरवून ते सल्ला घ्यायला निघाले. म्हणजे निघावं लागलंच नाही. सल्ला दारात उभा होता.

वरच्या मजल्यावरच्या धोंडुबाई, समोरचे निवृत्त हेडमास्तर आकाराम गुरुजी आणि तालमीचा सेक्रेटरी भाऊसो असे तिघं त्या संध्याकाळी हत्तरकींच्या सोप्यात बसले. महादेवीनं चहा ठेवला. सोमशेखरांनी प्रश्न क्रमांक चौदा मोठ्यानं वाचला.

"अगं बया!" धोंडुबाईंनी कपाळावर हात मारला. "असलं इचारत्यात? आणि पोरीनं लिवून दिलं? मी सांगतो तुम्हाला, हत्तरकी, ह्यो डाव हाय. स्थळ बघाय आल्यावर कोण सांगतं काय, आमच्या पोरीला भाकरी येत न्हाय म्हणून?"

"सापळा," गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "परीक्षक उमेदवाराची परीक्षा घेतो आहे."

"ते परीक्षकच असतंय की गुरुजी," भाऊसो म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस. तू सातवीत असताना पण मध्येच बोलायचास. या प्रश्नाचं उत्तर एकच." गुरुजींनी डोळे उघडले. "निरंक."

सोमशेखरांच्या अंगावरनं गार वारं गेलं. निरंक! कचेरीच्या भाषेतला सगळ्यात देखणा शब्द. काही नाही, काही शिल्लक नाही, काही विचारू नका. पंचवीस वर्षांत निरंक लिहिलेला एकही कागद त्यांनी परत केला नव्हता.

"पण पोरीचा अर्ज गेलाय की," ते म्हणाले.

"मग दुसरा धाडा," भाऊसो म्हणाला. "पैल्यावर दुसरा बसला की पैला गप झाला. तालमीत तसंच असतंय."

कचेरीतही तसंच असे. नंतर आलेला परिपूर्ण अर्ज आधीच्या अपुऱ्या अर्जाच्या जागी धरतात, हे सोमशेखरांना पाठ होतं. जादाचा अर्ज समोर होता. सोबत आलेलं माहितीपुस्तकही होतं, पण ते त्यांनी उघडलं नाही. नियम अर्जदारानं वाचायचे असतात. कारकुनाला ते येत असतात.

आता परिपूर्ण म्हणजे किती परिपूर्ण, हा प्रश्न राहिला. धोंडुबाईंचं म्हणणं, पोरगी नुसती अभ्यासू दिसता कामा नये, हल्ली सगळ्या बाजूनं असावं लागतं. भाऊसो लगेच उठला आणि तालमीतनं कोऱ्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन आला. गणेशोत्सवात लेझीम. शिवजयंतीला रांगोळी. महाप्रसादाला वाढपी म्हणून उल्लेखनीय सेवा.

"आणि ह्ये रक्तदान."

"भाऊसो, ती सतरा वर्षांची आहे," गुरुजी म्हणाले. "रक्तदानाला अठरा लागतात."

भाऊसोनं जरा विचार केला आणि लिहिलं : 'रक्तदानास उत्सुक.'

मग शिफारसपत्राचा विषय निघाला. अर्जात लिहिलं होतं, तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीचं शिफारसपत्र जोडा. पोरीनं मॅडमचं जोडलं होतं. यावर तिघंही एकदम हसले. मॅडमचं पत्र! त्या बाईंना स्वतःची बदली थांबवता येत नव्हती. शिफारस म्हणजे शिफारस असते. भाऊसोचा साडू एका साखर कारखान्याच्या चेअरमनांच्या पीएकडं होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र आलंसुद्धा, जाडजूड लेटरहेडवर, निळ्या शाईतल्या भल्यामोठ्या सहीसकट.

सोमशेखरांनी ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा त्यांना घाम फुटला.

'कु. विद्याश्री सोमशेखर हत्तरकी या माझ्या व्यक्तिगत परिचयाच्या असून होतकरू आहेत. तरी त्यांचा प्राधान्याने विचार व्हावा. तोडीस विलंब झाल्यास वजनात घट येते, याची नोंद घ्यावी.'

"भाऊसो, ह्ये उसाचं पत्र हाय रे!"

"नमुना तोच असतोय अण्णा त्यांच्याकडं. नाव तेवढं बदलत्यात. चेअरमनसाहेब सही करून मुंबईला गेल्यात, आता आठ दिवस न्हाईत."

"पण वजनात घट..."

"पोरगी वाळलेली हायच की," धोंडुबाई म्हणाल्या. "खोटं काय हाय त्यात?"

गुरुजींनी पत्र हातात घेऊन त्यात एक खोल अर्थ असल्याचं सांगितलं. गुणवंतांना वेळेत संधी न मिळाल्यास देशाचं नुकसान होतं, असं चेअरमनांना रूपकातून म्हणायचं होतं. सोमशेखरांना ते पटलं नाही, पण लेटरहेड फार जाड होतं. जोडलं.

राहिलं ते निरंक. नुसतं निरंक लिहून भागणार नाही हे सोमशेखरांना पक्कं माहीत होतं. आधार काय? पुरावा काय? म्हणून मंगळवारी सकाळी ते कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडं गेले.

"कसलं अपयश?" टायपिस्टनं विचारलं. "दिवाळं निघालंय का घटस्फोट हाय?"

"काहीच न्हाय. तेच लिहायचंय. काही न्हाय म्हणून."

टायपिस्टनं आयुष्यात बरंच टाईप केलं होतं, पण हे त्याला नवीन होतं. मुलगी अज्ञान असल्यामुळं पालक म्हणून सोमशेखरांनी स्टँपपेपरवर प्रतिज्ञेवर सांगितलं की माझ्या मुलीस जन्मापासून आजतागायत कोणतेही अपयश आलेले नाही, तसेच तिच्या हातून कोणतीही चूक झालेली नाही, आणि हे खोटं ठरल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. शेवटच्या ओळीवर सही करताना त्यांना एकदम आठवलं. पोरगी दीड वर्षांची असताना तिनं त्यांच्या चष्म्यावर बसून त्याचे दोन तुकडे केले होते. ते धरायचं का?

अर्जावर आता उमेदवाराची सही पाहिजे होती आणि उमेदवार संकेश्वरात. सोमशेखरांनी, साहेब रजेवर असताना कचेरीत जसं करतात तसंच केलं. उमेदवाराच्या जागी आपली सही ठोकली आणि खाली लिहिलं, 'करिता'.

कागद जमत जमत गेले. वर्तणुकीचा दाखला, डॉक्टरचा दाखला, पोलिसांकडं गुन्हा दाखल नसल्याचा दाखला. सगळ्याला पांढरी फीत बांधली तेव्हा फाईल उशीएवढी झाली. मंगळवारी दुपारी ती रजिस्टर्ड पोस्टानं गेली. महादेवी एवढंच म्हणाली, "पोरीला इचारलं असतं की ओ एकदा." पण तोवर पोस्टाची पावती सोमशेखरांच्या खिशात होती, आणि गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं पोट शांत होतं.

ते शांत पोट बुधवारी दुपारपर्यंत टिकलं. जेवण झाल्यावर सहज पडल्या पडल्या त्यांनी माहितीपुस्तक चाळायला घेतलं. नियम क्रमांक बावीस. बारीक अक्षर.

'एका उमेदवाराचे एकापेक्षा अधिक अर्ज आवक नोंदवहीत नोंदले गेल्यास, सदर उमेदवाराचे सर्व अर्ज रद्द समजण्यात येतील.'

सोमशेखर उठून बसले. परत वाचलं. चष्मा पुसून वाचलं. मग पुस्तक उलटं धरून बघितलं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सर्व अर्ज. म्हणजे त्यांचा उशीएवढा अर्ज पोरीच्या सहा पानांवर जाऊन बसणार आणि दोघंही मरणार. पोरीला संस्थेनं परत पाठवायची गरजच नव्हती. ते काम त्यांनी घरबसल्या केलं होतं.

पोस्टात पळाले. पोस्टमास्तर म्हणाले, थैली कालच गेली, पुण्यात पोचली असेल, तक्रार असेल तर अर्ज करा.

"अर्ज नको!" सोमशेखर असे किंचाळले की रांगेतल्या एका म्हातारीच्या हातनं मनीऑर्डरचा फॉर्म पडला.

गुरुवारी, वीस जूनला, अर्जाची शेवटची तारीख होती. पहाटेच्या एसटीनं सोमशेखर पुण्याला निघाले. कराडला त्यांना वाटलं, टपाल सकाळीच वाटलं असणार. साताऱ्यात वाटलं, आता नोंद झाली असणार. खंबाटकीच्या घाटात एसटी तापून वीस मिनिटं उभी राहिली, तेव्हा त्यांनी मनातल्या मनात त्या अनोळखी आवक कारकुनाला हात जोडले. बाबा रे, आळशी अस. माझ्यासारखा अस. मी कधी सकाळचं टपाल सकाळी नोंदवलंय?

संस्थेच्या कचेरीत पोचायला साडेबारा झाले. पुढं रांग, मग जेवणाची सुट्टी, मग परत रांग. अडीच वाजता ते खिडकीशी पोचले. आत पन्नाशीचा एक टक्कल पडलेला माणूस तंबाखूत चुना मळत बसला होता आणि त्याच्या टेबलावर न फोडलेल्या टपालाचा ढीग होता. न फोडलेला! सोमशेखरांना त्याच्या टकलाची पापी घ्यावीशी वाटली.

"साहेब, एक पार्सल आलंय बघा आमचं. तेवढं नोंदवू नका."

माणसानं मान वर केली. "कुठनं आलाय पावणं?"

"कोल्हापूर."

"अरे तिच्या!" माणूस उठून उभाच राहिला. "मी उचगावचा की! गणपतराव म्हणत्यात मला. वीस वर्षं झाली हितं, पर असं 'बघा आमचं' म्हणणारं कोण भेटत न्हाय. आत या, आत या. च्या घेणार?"

आत बसवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ढिगातनं उशी शोधून काढली, पोरीचा सहा पानांचा अर्ज कपाटातनं आणला आणि दोन्ही समोर ठेवले.

"चार वाजेपर्यंत मी सगळं टपाल नोंदवहीत चढवतो. त्याच्या आत एक अर्ज मागं घेतला तर भानगड न्हाय." गणपतरावांनी उशीवर प्रेमानं हात फिरवला. "मग ही बारकी काढून टाकू आणि ही ठेवू. काय?"

"न्हाय न्हाय! बारकी ठेवा!"

"का ओ? ह्ये बघा की, कशी भरली हाय. आपल्या जिल्ह्याची फाईल अशी दिसाय पाहिजे. आपल्याकडनं येत्यात त्या सगळ्या अशाच असत्यात."

"मग निवड झाली काय त्यातल्या कुणाची?"

गणपतरावांनी चुना लावलेला अंगठा हवेत धरून बराच वेळ आठवून बघितलं. "त्ये मी कधी बघितलं न्हाय," ते हळूच म्हणाले. "त्या माघारी आल्या की रद्दीला मीच बांधतो, एवढं खरं." मग त्यांनी कोपऱ्यातल्या कपाटाचं दार उघडलं. आत उशाच उशा. "गेल्या सालच्या. एक्केचाळीस. सगळ्यात त्ये वजनाची घट हाय. आतले सर लोक मोठ्यानं वाचून हसत्यात. त्यांना वाटतंय, ही कोल्हापूरची काय तरी प्रार्थना असंल."

सोमशेखरांना खुर्ची सरकल्यासारखी वाटली. एक्केचाळीस पोरं. सगळी पहिली आलेली, सगळी होतकरू, सगळी चेअरमनांच्या व्यक्तिगत परिचयाची, एकालाही कधी अपयश नाही. आणि एकापासून दुसरं ओळखता येईना म्हणून फीत बांधून रद्दीत.

"आणि ह्या बारकीत काय हाय एवढं?" गणपतरावांनी विचारलं. "मला काय तरी सांगा की. नुसतं ठेवा म्हणून कसं चालंल?"

सांगायचं काय? सोमशेखरांनी ते पान वाचलंच नव्हतं. आता गणपतरावांसमोर, भीत भीत, ते पाचव्या पानावर आले.

'माझा अंदाज तीन वेळा साफ चुकला. माझे आजोबा गुऱ्हाळ चालवतात. एकाच शेतातल्या उसाचा गूळ एका दिवशी पिवळा होतो आणि दुसऱ्या दिवशी काळपट, असं का, हे मी शोधायचं ठरवलं. आधी मला वाटलं, जाळ जास्त होतो. चुकलं. मग वाटलं, रस साफ व्हायला घालतात ते भेंडीचं पाणी कमी पडतं. तेही चुकलं. तिसऱ्या वेळी मी आजोबांना खात्रीनं सांगितलं, की चुन्यामुळं होतं. त्यांनी माझं ऐकून चुना कमी केला आणि त्या दिवसाची पूर्ण काईल, म्हणजे मोठी कढईभर रस, वाया गेली. आजोबा काही बोलले नाहीत, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. अजून मला उत्तर माहीत नाही. मी सुट्टीत परत तिकडे जाणार आहे.'

सोमशेखरांना आठवलं, सासरे भरमाप्पा गेल्या डिसेंबरात फोनवर एका काईलीबद्दल काहीतरी पुटपुटले होते आणि मग म्हणाले होते, जाऊ दे. पोरीला आजोळची ओढ आहे, असं सोमशेखर लोकांना सांगत आले होते.

"चुना?" गणपतराव पुढं वाकले. "चुना कमी केल्यावर बिघडणारच की ओ! आमच्या आज्याचं पण गुऱ्हाळ होतं. पर जास्त झाला तरी काळाच पडतोय. मग कधी किती, ह्ये कसं कळायचं?" त्यांनी पान स्वतःकडं ओढलं, परत वाचलं आणि परत ठेवलं. "बारकी ठेवू," ते म्हणाले. "पर पावणं, ही जाड काढायला उमेदवाराचा सहीचा अर्ज पाहिजे. कारणासकट. तुमची 'करिता' चालायची न्हाय."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. उमेदवार अडीचशे किलोमीटरवर. सकाळच्या गाडीनं ती संकेश्वरहून घरी आलेली असणार. फॅक्स चालेल, गणपतराव म्हणाले, नंबर हा घ्या.

रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथमध्ये सोमशेखर शिरले. नंबर फिरवताना त्यांना कळलं की नियम बावीसपेक्षा जास्त भीती त्यांना आता पोरीची वाटत होती. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"विद्या, मी अप्पा. माझ्या हातनं एक झालंय."

ते सगळं बोलले. लेझीम, उत्सुक रक्तदान, ऊस, प्रतिज्ञापत्र, करिता.

"माझी सही तुम्ही केलासा?"

"करिता म्हणून..."

"अप्पा, मी टाकला होता की अर्ज! मला एका शब्दानं तरी इचारायचं! सगळ्या गल्लीला इचारलासा, मला न्हाय!" तिचा आवाज फाटला. मागनं महादेवी कन्नडमध्ये काहीतरी म्हणत होती. "किती वाजेपर्यंत?"

"चार."

फोन आपटला गेला.

पावणेचार झाले. मोठ्या साहेबांच्या केबिनीबाहेर फॅक्सचं मशीन होतं. सोमशेखर त्याच्यापुढं उभे होते. गणपतरावांनी नोंदवही उघडली होती, पेन उघडलं होतं आणि एकेक पाकीट फोडून चढवायला सुरुवात केली होती. उशी ढिगाच्या तळाशी ठेवण्याइतकी माणुसकी त्यांनी दाखवली होती, पण ढीग उतरत होता. दहा पाकिटं राहिली. आठ. आपण पंचवीस वर्षं याच बाजूला बसलो, आणि पलीकडं उभं राहिल्यावर पेनाचा आवाज एवढा मोठा येतो हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं सोमशेखरांना वाटून गेलं. ढिगात तीन पाकिटं राहिली. दोन.

मशीन खरखरलं. कागद बोट बोट बाहेर यायला लागला. अक्षर विद्याश्रीचं. गणपतरावांनी तो फाडून घेतला आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. आजूबाजूची टेबलं ऐकायला लागली.

"'मा. प्रवेश अधिकारी यांस. विषय : दुसरा अर्ज रद्द करणेबाबत. महोदय, माझ्या नावाने आलेला दुसरा अर्ज माझा नसून माझ्या वडिलांचा आहे. त्यांचे वय बावन्न असून शिक्षण वाणिज्य शाखेतून झालेले आहे, त्यामुळे ते या अभ्यासक्रमास पात्र नाहीत. आजवर कोणतीही चूक झालेली नाही असे त्यांनी प्रतिज्ञेवर सांगितले आहे, परंतु सदर अर्ज हीच एक चूक असल्याने ते विधान टिकत नाही. तरी त्यांचा अर्ज नामंजूर व्हावा, ही नम्र विनंती. आपली विश्वासू, विद्याश्री हत्तरकी.'"

कचेरीत कोणीतरी खुसखुसलं. मग सगळेच हसले. गणपतरावांनी शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि उशीवर मारला. नामंजूर. शिक्का तिरका बसला, पण या वेळी सोमशेखरांना तो चालला.

"पावणं, मनावर घेऊ नका," गणपतराव म्हणाले. "तुमच्या वयाला यादीत नाव तरी कुठं लागतंय!"

बाहेर पडताना सोमशेखरांनी पोरीची सहा पानं कपाटात परत जाताना बघितली. वर दोन हजारांचा ढीग, खाली दोन हजारांचा ढीग, आणि मध्ये ती. तिला आता काही जोडता येणार नव्हतं. त्यांचे हात मोकळे होते आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. ते परत बूथमध्ये गेले.

"झालं नामंजूर?" विद्याश्रीनं विचारलं.

"झालं."

"जेवलासा काय?"

"न्हाय." ते थांबले. मग एकदम बोलायला लागले. "विद्या, लई ढीग हाय गं. मी बघितला. सगळी तुझ्यासारखीच, शहाण्णववाली, सत्त्याण्णववाली. आणि तुझ्यात तर काहीच न्हाय, नुसता बिघडलेला गूळ. त्यांनी नको म्हटलं तर? नको म्हटलं तर काय करायचं आपण?"

"तर मला नको म्हटलं असं व्हईल," ती म्हणाली. "तुम्हाला न्हवं. तुम्ही घाबरू नका अप्पा. मी घाबरलोय तेवढं बास हाय."

सोमशेखरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ती घाबरत असेल हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. घरात घाबरायचं काम आजवर त्यांच्याकडं होतं.

"लई घाबरलीयास?"

"लई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पार बारीक झाला. "मला खरंच तिथं जायचंय ओ अप्पा."

"थांब," ते म्हणाले, "मिळंल त्या गाडीनं येतो," आणि फोन ठेवून, जेवायचं विसरून, ते स्टँडकडं पळत सुटले.